पांघरूण

कायद्याला दोनच गोष्टी हव्या होत्या:
आपण काय करतोय हे माझ्या भावाला कळत होतं का,
आणि ते वाईट आहे, हे.

बाकी सगळं टेबलावर मांडलेलं.
सुरी. चहाचा फुटका मग.
आणि पुरावा क्रमांक अकरा,
लाल-काळ्या चौकड्यांचं लोकरी पांघरूण,
वडिलांच्या पायांवर
दोन्ही बाजूंनी नीट खोचलेलं सापडलं ते.

मिसेस डनबार सरकारतर्फे उभ्या राहिल्या.
म्हणाल्या, यानं आधी कुत्र्याला गोठ्यात कोंडलं,
म्हणजे ते भुंकेल हे कळत होतं.
मग प्रेत झाकलं.
म्हणजे लाज होती, आणि लाज म्हणजे जाण.
यानं वेड पांघरलंय, असं काही त्या बोलल्या नाहीत.
अकरा नंबरकडं बोट दाखवून
इतका वेळ गप्प राहिल्या
की ते सगळ्यांना ऐकू आलं.

डॉक्टर लॅफ्लूर हळू बोलायचे.
लाजणारा माणूस तोंड झाकतो, म्हणाले, पाय नाही.
ओरेस्टच्या लेखी स्वयंपाकघरात बसलेला तो वासिल नव्हताच,
वासिलचा चेहरा घालून आलेला कुणी परका होता,
आणि खरा बाप बाहेर पत्र्याच्या कोठारात,
गव्हाखाली, श्वास मोजत.
पोलीस पोचले तेव्हा उणे एकतीस होतं
आणि हा उघड्या हातांनी गहू उपसत होता,
थांबा, बाबा सापडतायत, म्हणत.
दोन बोटं कापावी लागली.
सोंग घेणाऱ्याला कुठं थांबायचं ते ठाऊक असतं.
तो बोटं देऊन टाकत नाही.

न्यायाधीश लिहीत होते.
सस्कॅचेवानचं ते एवढंसं कोर्ट, बाहेर गाड्यांच्या नळ्यांतून वाफ.
वेड होतं म्हणणाऱ्यानंच ते सिद्ध करायचं असतं,
पण पुरतं नाही,
पारडं केसभर झुकलं तरी भागतं.

मेलेल्याची मी मुलगी, मारणाऱ्याची बहीण.
पहिल्या दिवशी शिपायानं विचारलं, कुठल्या बाजूला बसणार?
मी हीटर होता तिथं बसले.

मलाही साक्षीला बोलावलं, अर्धा तास.
गोळ्या कधी थांबवल्या त्यानं?
आवाजांबद्दल कधी बोलला?
जमिनीवरून भांडणं होती का घरात?
पांघरुणाचं कुणीच विचारलं नाही.

वडिलांना साखर होती. पाय गार पडायचे,
जुलैतसुद्धा.
आई गेल्यापासून रोज रात्री, बातम्या संपल्या की,
ते पाय झाकायचं काम ओरेस्टचं.
आधी डावा, मग उजवा, मग कडा आत.
परक्याचे पाय असे कोण खोचतं?

सुरी खाली ठेवली आणि कोठाराकडं धावला,
मधल्या त्या मिनिटात
ते पाय कुणाचे होते त्याच्यासाठी?
त्याला कळलं होतं, की नुसतं हातांना?
हातांचं कळणं कुठल्या कलमात बसतं?

"आणखी काही सांगायचंय?"
मी म्हटलं, नाही.

कृत्य त्याचंच, जबाबदारी त्याची नाही.
मागून कुणीतरी म्हणालं, सुटला.
इस्पितळात आहे. दर वर्षी मंडळ बसतं,
अंगणापर्यंत सोडायचं की गावापर्यंत, ते ठरवतं.
औषधं लागू पडली. तिसऱ्या महिन्यात फोन आला.
"लेस्या, मी गहू उपसत होतो ना,
तेव्हा बाबा घरातच होते."
हो, म्हटलं.
मग बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.

पांघरूण परत मिळालं, कागदी पिशवीतून, सही घेऊन.
इकडं हिवाळ्यात ज्याच्या त्याच्या डिकीत
फावडं, मेणबत्ती आणि एक पांघरूण असतं,
गाडी वाटेत बंद पडली तर.
माझ्या डिकीत ते आहे.
इस्पितळ दोनशे किलोमीटर, महिन्यातून एकदा.
अजून तरी गाडी बंद पडलेली नाही.